केस आमचे, कात्री कोणाच्या हातात?

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, लहान मुलं पांगली आणि आमच्या वस्तीतली एक बावीस वर्षांची मुलगी आत आली. कमरेपर्यंत वेणी असलेली ही मुलगी. त्या दिवशी तिचे केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले होते. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एका आज्जीनं तोंड उघडलं, "कुणाचं सुतक धरलंस गं पोरी?" शेजारच्या मावशी म्हणाल्या, "लग्नाला आलेल्या पोरीनं असं करतंय व्हय कुणी?"

आज्जीचं आणि मावशींचं आम्ही समजू शकतो. बाईचे केस गेले की कुणीतरी मेलेलं असतं, हे त्यांनी लहानपणापासून गावात पाहिलेलं आहे. आम्हाला लागलं ते पुढचं. आमचाच एक तरुण कार्यकर्ता, वाचणारा, भाषण करणारा, मोर्चात पुढं असणारा, तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "चळवळीतल्या मुलीनं जरा जबाबदारीनं राहावं. समाज बघत असतो." याच मित्रानं त्याच दिवशी सकाळी स्टेटसला अँजेला डेव्हिस यांचा फोटो ठेवला होता. तोच प्रसिद्ध फोटो, डोक्याभोवती फुललेल्या अफ्रो केसांचा. खाली लिहिलं होतं, क्रांतिकारी सौंदर्य.

अमेरिकेतल्या काळ्या बाईचे केस क्रांतिकारी आणि आपल्या वस्तीतल्या पोरीचे केस बेजबाबदार? या लेखात आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत. आम्ही म्हणजे सोलापुरात वस्त्यांमध्ये काम करणारे पाच जण, त्यातल्या तिघी बाया. विषय किरकोळ आहे, बेरोजगारी, आरक्षण, अत्याचार सोडून हे काय केसांचं काढलं, असं काही मित्र म्हणतील. त्यांना एवढंच सांगतो की केसांचा विषय बाबासाहेबांना किरकोळ वाटला नव्हता.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटं आत्मकथन ज्यांनी वाचलं आहे त्यांना साताऱ्याचा भाग आठवत असेल. साताऱ्यात न्हावी नव्हता असं नाही आणि सुभेदाराच्या घरात न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असंही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. म्हणून भीमरावाचे केस त्याची मोठी बहीण कापायची. सारखं कापून कापून ती त्या कामात तरबेज झाली होती. पाण्याबद्दल, शाळेतल्या गोणपाटाबद्दल आपण भाषणात नेहमी बोलतो. भावाचं डोकं मांडीजवळ घेऊन कात्री चालवणारी ती बहीण मात्र आपल्या पोस्टरवर कधी आली नाही. खरं तर आपल्या इतिहासातलं पहिलं केशकर्तनालय तिनंच चालवलं.

पुढं २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ काय यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिलं की हा शब्द नुसता आत पाऊल टाकण्यापुरता नाही. जो माणूस आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्याची जागा म्हणजे दुकान, आणि ती सेवा मागणाऱ्याला मिळाली पाहिजे. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात, ज्याला १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, दुकानाच्या व्याख्येत लाँड्री आणि हेअर कटिंग सलून हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. एका देशाला आपल्या कायद्यात सलूनचं नाव घालावं लागतं, म्हणजे त्या खुर्चीवरून किती माणसं उठवली गेली असतील, याचा विचार करा. आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी लोक सांगतात, गावात न्हावी असून ते केस कापायला बाजाराच्या दिवशी तालुक्याला यायचे, कारण तिथं कुणी ओळखत नव्हतं.

इथं नाभिक समाजावर राग काढून उपयोग नाही. न्हावी हासुद्धा बलुतेदार, गावाच्या मर्जीवर जगणारा. आमच्या डोक्याला हात लावला तर गाव त्याचं बलुतं तोडणार. आणि याच न्हाव्याच्या हातून गाव दुसरं एक काम करून घ्यायचं, ब्राह्मण विधवांचं केशवपन. ज्या वस्तऱ्यानं आम्हाला नकार द्यायचा, त्याच वस्तऱ्यानं बारा-चौदा वर्षांच्या विधवा मुलीचं डोकं भादरायचं. एकीकडे स्पर्श करायला बंदी, दुसरीकडे स्पर्शाची सक्ती, आणि दोन्ही ठिकाणी हुकूम एकाच व्यवस्थेचा. म्हणूनच सत्यशोधक परंपरेनं हे दुखणं नेमकं ओळखलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार त्यांनी केला. कारागिरांनी आपल्या हातातलं हत्यार खाली ठेवून स्त्रियांची बाजू घेतली, असं उदाहरण आपल्याकडे फार नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. इकडे केस म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती जट. सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा. एका बाजूला तुळजापूर, खाली सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. बाईच्या केसात गुंता झाला, तो सुटेना, की घरातलं कुणीतरी म्हणतं देवीची बट आली. त्यावर हळदी-कुंकू, भंडारा, तेल पडतं. विंचरायचं नाही, धुवायचं नाही, कात्री तर लावायचीच नाही. 'जोगवा' हा २००९ चा चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल, त्यातल्या सुलीच्या डोक्यात जट निघते आणि तिचं सगळं आयुष्य देवीच्या नावावर चढतं. ही पडद्यावरची अतिशयोक्ती नाही. गळ्यात दर्शन, हातात परडी, दारोदार जोगवा, हे आमच्या आज्ज्यांच्या पिढीत बहुतांशी आमच्याच वस्तीतल्या बायांच्या वाट्याला आलं. पुरुषांमध्ये पोतराज. मरीआईच्या नावानं केस वाढवायचे, अंगावर आसूड ओढून घ्यायचा आणि सुपात पडेल ते खायचं. देवीला केस हवेत ते नेमके महार-मांगांच्या घरचेच का, हा प्रश्न आपल्या लोकांनी विचारला आणि धम्मदीक्षेच्या आसपास अनेक घरांनी परड्या, आसूड नदीत सोडले.

जट ही अंधश्रद्धा आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. गुंता न सोडवता त्यावर तेल, घाम, भंडारा बसत गेला की केस चिकटून दोरखंडासारखे होतात. मान दुखते, उवा होतात, जखमा चिघळतात, कुशीवर झोपता येत नाही. पुण्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी, ज्या आधी ब्युटी पार्लर चालवायच्या, शेकडो बायांच्या जटा स्वतःच्या हातानं सोडवल्या. त्या कामाचं मोल फार मोठं आहे. पण या कामात आमच्या हातून काय झालं, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावात पन्नाशीच्या एक मावशी होत्या. वीस वर्षांची जट, गुडघ्याच्या थोडी वर. आम्ही त्यांच्या मुलाला गाठलं. मुलगा शिकलेला होता, त्याला पटलं. मुलाचं मन वळलं म्हणजे काम झालं, असं आम्ही धरून चाललो. कार्यक्रम ठरला. मागं फलक, समोर खुर्च्या, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, दोन पत्रकार. मावशींना खुर्चीत बसवलं. पाऊण तास कात्री चालली. शेवटची गाठ सुटली तेव्हा टाळ्या वाजल्या. मावशींनी हात मागं नेऊन मान चाचपली आणि त्या रडायला लागल्या. आम्ही एकमेकांना म्हणालो, आनंदाश्रू. दुसऱ्या दिवशी नावागावासकट फोटो छापून आला.

तीन महिन्यांनी भेटायला गेलो तर मावशी दारातच बसल्या होत्या. मान दुखायची थांबली होती, हे त्यांनी स्वतः सांगितलं. मग म्हणाल्या, "ताई, आधी मंगळवारी, शुक्रवारी बाया माज्या पाया पडायच्या. पीठ, त्याल, धा-वीस रुपये मिळायचे. आता कुणी हाक मारत न्हाई. सून म्हणती, घरात बसून खाताव." आम्ही त्यांच्या केसांबरोबर त्यांचं पीठमीठही कापलं होतं आणि गावात असलेला तेवढाच मानही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आम्ही त्यानंतर भरला. तो कार्यक्रमाआधी भरायला हवा होता. आणि सगळ्यात मोठी चूक ही की मावशींना आम्ही एकदाही एकट्यात बसवून विचारलं नव्हतं की तुम्हाला काय पाहिजे. आधी देवीनं विचारलं नाही, मग मुलानं विचारलं नाही, आणि शेवटी आम्हीही विचारलं नाही.

हा प्रसंग आठवला की आम्हाला काळ्या स्त्रियांचं केसांवरचं लिखाण जास्त कळतं. आपल्याकडे ब्लॅक पँथर आणि दलित पँथर यांचं नातं सगळे सांगतात. १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी ओकलंडच्या पोरांकडून नाव घेतलं, हे खरंच अभिमानाचं आहे. पण त्यांच्या बायांकडून आपण फारसं काही घेतलं नाही. त्यांच्यात केस हा विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. १७८६ साली लुइझियानात गव्हर्नर मिरो यानं हुकूम काढला की मुक्त काळ्या बायांनी केस उघडे ठेवायचे नाहीत, डोक्याला फडकं बांधायचं, म्हणजे त्यांची जागा लोकांना दिसत राहील. बायांनी फडकी बांधली, पण अशा रंगांची आणि अशा ऐटीत की हुकूम देणाऱ्याचा उद्देशच फसला. पुढं केस सरळ करण्याचा काळ आला. माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की तरुणपणी त्यांनी दाहक क्षार लावून डोकं भाजून घेत केस सरळ केले, गोऱ्यांसारखे दिसावेत म्हणून, आणि नंतर त्यांना त्याची लाज वाटली. साठच्या दशकात अफ्रो आला, जे लपवायला सांगितलं तेच मिरवायचं म्हणून. आणि अजूनही हा झगडा संपलेला नाही. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत काळ्या विद्यार्थिनींना आपल्या नैसर्गिक केसांसाठी निदर्शनं करावी लागली. कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदा करावा लागला की केसांच्या ठेवणीवरून कामावर किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही.

पण इथं एक सावधगिरी. त्यांचं उचलून जसंच्या तसं इथं चिकटवता येत नाही. काळ्या बाईचे केस उपजत वेगळे आहेत, दुरून दिसतात, त्यामुळे वंशाचा शिक्का त्यांच्यावर मारता आला. आपली जात केसांत उगवत नाही. ती आडनावात, वस्तीच्या नावात, बोलण्याच्या हेलात शोधली जाते. म्हणून जातीला खुणा बाहेरून लादाव्या लागल्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांसमोर बोलले, तेव्हा त्यांनी याच खुणांवर बोट ठेवलं. वर खोचलेलं लुगडं आणि अंगावरचे जाडजूड दागिने पाहूनच तुम्ही अस्पृश्य आहात हे ओळखलं जातं, ही ओळख टाकून द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आणि बायांनी लगेच ते अंमलात आणलं.

आता पाहा, काळ्या स्त्रीनं खूण मिरवली आणि आपल्या आज्जीनं खूण पुसली. वरवर दोन्ही उलट दिसतं. एखादा अतिउत्साही विद्वान म्हणेलही की आपल्या बायांनी सवर्णांची नक्कल केली. आम्हाला हे मान्य नाही. लादलेला शिक्का काढून फेकणं ही नक्कल नव्हे. अफ्रो ठेवणारीनं आणि लुगडं घोट्यापर्यंत सोडणारीनं एकच गोष्ट केली, माझ्या अंगावर काय असावं हे मालकानं ठरवायचं नाही असं सांगितलं. पण मग चळवळीनं ते ठरवावं का? महाडची बाई चाळीस वर्षांत विहारातली पांढऱ्या साडीतली, चापूनचोपून अंबाडा घातलेली उपासिका झाली. त्या नीटनेटकेपणात कष्ट होते, स्वाभिमान होता, आम्ही त्याच हातांनी वाढलो. पण हळूहळू तो नीटनेटकेपणा पुढच्या पोरींना मोजायची पट्टी झाला. ज्या गोष्टीनं आज्जीला मोकळं केलं, त्याच गोष्टीनं नातीला दटावलं जाऊ लागलं.

आणि दुसऱ्या टोकाला बाजार बसलेला आहे. आमच्यातल्या एकीचे केस कुरळे आहेत. लहानपणी शाळेत बाईंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, घरी फणी नाही का? आई बिचारी दुसऱ्या दिवसापासून पळीभर तेल थापून दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी बांधायची, डोळे ताणले जाईपर्यंत. मग वर्गातल्या मुली तेलाच्या वासावरून चिडवायच्या. म्हणजे तेल नाही तर झिपरी, तेल लावलं तर वस्तीतली. आता तीच मुलगी नोकरीच्या मुलाखतीला निघाली की पार्लरवाली सांगते, स्मूदनिंग करून घ्या ताई, चेहरा भारी दिसतो. तीन-चार हजार रुपये. टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोरी भिशीचे पैसे उचलून हे करून घेतात. अशा पोरीला आपले काही मित्र गुलाम मानसिकतेची म्हणतात. आमचं त्यांना विचारणं आहे, मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला तुम्ही कधी काही म्हणालात का? माल्कम एक्स यांना लाज वाटली ती स्वतःच्या केसांबद्दल, तो त्यांचा अधिकार होता. दुसऱ्याच्या डोक्याबद्दल लाज वाटून घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

विहारातल्या त्या मुलीकडे परत येतो. तिनं केस का कापले, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही नंतर विचारलं. आम्हाला वाटलं काहीतरी वैचारिक उत्तर येईल. ती हसली आणि म्हणाली, "ताई, पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. घरात सहा माणसं. कमरेइतके केस धुवायला दोन बादल्या लागतात. कामावर आठला हजर व्हायचं. मी केस धुऊ का आईला भांड्याला पाणी ठेवू?" सोलापुरात राहणाऱ्याला यावर आणखी काही सांगायची गरज नाही. लांबसडक केस ही बाईची शोभा, असं ज्यानं ठरवलं त्याच्या घरी नळाला रोज पाणी येत असणार. आणि जटेचा विचार केला तरी, किती बायांच्या डोक्यातला पहिला गुंता हा पाणी नसल्याचा, वेळ नसल्याचा, बाळंतपणात किंवा आजारपणात कुणी डोक्यावरून हात फिरवायला नसल्याचा असतो, आणि देवीचं नाव त्याला मागाहून लागतं.

पुढच्या रविवारी आम्ही विहारात आज्ज्यांना महाप्रजापती गौतमीची गोष्ट सांगितली. संघात यायला भगवंतांनी नकार दिला होता. तरी तिनं आपले केस कापले, काषाय वस्त्रं घातली आणि शाक्य स्त्रियांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजले, धुळीनं माखली, दारात उभी राहिली. परवानगी त्यानंतर मिळाली, केस आधी कापले गेले होते. सुतकाचं विचारणाऱ्या आज्जी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ती म्हातारी होती, तिचं लगीन व्हायचं न्हवतं." सगळ्या हसल्या. वाद मिटला नाही, चालू आहे. तो कार्यकर्ता मित्रही आमच्याशी अजून नीट बोलत नाही. हा लेख वाचून बोलेल अशी आशा आहे.

जटेच्या कामाची पद्धत आम्ही त्या मावशींनंतर बदलली. फलक नाही, पत्रकार नाही, फोटो नाही. आधी पोटापाण्याचं बघायचं, बाईला एकटीला भेटायचं, आणि ती स्वतः म्हणेपर्यंत कात्री पिशवीतून काढायची नाही. यात वर्ष गेलं तरी चालेल. गेल्या पंधरवड्यात विडी वळणाऱ्या एका ताईंकडे आम्ही चौथ्यांदा गेलो. सहा वर्षांची जट. त्यांची भीती एकच होती, पोरगं आजारी पडलं तर? तुमचं पोरगं आजारी पडणारच नाही असं आम्ही सांगितलं नाही. पोरं आजारी पडतात, जट असली तरी आणि नसली तरी. पडलं तर सिव्हिलला आपण मिळून जाऊ, एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, पहाटे करायचं, बाया बायाच असायच्या, आणि कापलेलं कुठं टाकायचं ते मी बघीन.

त्या दिवशी आमच्याबरोबर ती विहारातली मुलगी होती, कोमट पाण्याची बादली धरून. बराच वेळ गुंता भिजवून, सोडवून झाला. मानेजवळची मोठी गाठ राहिली. आमच्यातली एक कात्री घेऊन पुढं झाली तर ताईंनी हातानं थांबवलं आणि त्या मुलीच्या डोक्याकडे बघून विचारलं, "तुजे कुणी कापले गं?"

"मीच."

"मग दे की ती कात्री हिकडं."